प्रतिसाद: शेवभाजी, अल्सर आणि दुर्बीण
वर कुणीतरी लिहिलंय, 'शेवभाजी सोडा, अल्सर जाईल, दुर्बीण कशाला?' (दुर्बीण म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर बघणं.) तिखटाने जळजळ वाढते, मान्य. पण अल्सरची मुख्य कारणं वेगळी: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू आणि अंगदुखीच्या गोळ्या. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल १९८४ मध्ये हा जंतू चक्क प्यायले, दुर्बिणीत जठराला सूज दिसली. २००५ चं नोबेल त्यांना नि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना मिळालं. (आपल्या काळ्या मसाल्याची बदनामी तरी थांबली का? नाही.)

दुर्बिणीतून जठराचा कणभर तुकडा काढून युरियाच्या जेलमध्ये टाकतात. जंतू असला की पिवळं जेल गुलाबी होतं. मात्र पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) चालू असेल तर जंतू असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. जळगाव-धुळ्याकडे ती गोळी चॉकलेटसारखी खातात! डॉक्टरांना विचारून साधारण २ आठवडे आधी बंद करा. शौचाला काळं होत असेल तर मात्र लगेच दवाखाना गाठा.