शाळेला द्यायच्या अर्जात ‘सवलत’ लिहावं का?

ऐरोलीकर
मुलगी सहावीत आहे, राज्य मंडळाची सेमी इंग्रजी शाळा. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन-लेखनात अडचण असल्याचं, प्रमाणपत्र मिळालंय. मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, ‘काय हवंय ते लिहून द्या, मग बघू.’ मी लिहिलं: ‘माझ्या मुलीस परीक्षेत व वर्गात सवलत मिळावी, ही नम्र विनंती.’ सासऱ्यांनी वाचलं आणि म्हणाले, सवलत एसटीच्या तिकिटात मिळते, ही काय मेहेरबानी मागतेस? न्यू जर्सीची नणंद याला ‘अकॉमोडेशन’ म्हणते. शब्दकोश उघडला तर पहिलाच अर्थ राहण्याची व्यवस्था! मराठीत नेमकं काय लिहायचं?

चेंदणीकर
शब्दाची बाजू आधी. सवलत मूळ अरबी ‘सुहूलत’वरून आली, अर्थ सोपेपणा. हिंदीतली सहूलियत हिचीच बहीण. म्हणजे मुळात मेहेरबानीचा वास नाही. तो आपण चिकटवला, सवलतीचे दर, मालमत्ता करात सवलत, ज्येष्ठांना सवलत असं म्हणत म्हणत. आज सवलत म्हटलं की खरी किंमत काहीतरी वेगळी होती आणि तुम्हाला कमीत दिलं, असंच ऐकू येतं. तुमच्या सासऱ्यांचा कान तिखट आहे.

पर्याय म्हणून ‘सोय’ बघा. सोय करणाऱ्यावर जबाबदारी येते. लग्नात वऱ्हाडाची सोय झाली नाही तर चूक यजमानाची असते, वऱ्हाडाची नाही.

मास्तरीण
मी कोपरीला विशेष शिक्षिका आहे. असे अर्ज पुष्कळ वाचलेत. ‘सवलत मिळावी’ एवढंच लिहिलेल्या अर्जाचं काय होतं सांगते. शाळा म्हणते, बरं, पेपर जरा सैल तपासू. झालं! मुलीला हवा असतो वेळ, मिळतात चार उपकाराचे गुण.

माझं मत, एकच मोठा शब्द शोधूच नका. गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्यांचे शब्दही मराठीत वेगवेगळे आहेत. पेपरला ‘वाढीव वेळ’ हवा असतो. लिहायला दुसरं कुणी बसवायचं तर तो ‘लेखनिक’, तोंडी सगळे रायटर म्हणतात. तिसरी भाषा नको असेल तर त्या भाषेतून ‘सूट’. गोंगाट सहन होत नसेल तर पाच मिनिटं वर्गाबाहेर जाण्याची ‘मुभा’. मुभा हा सुंदर शब्द आहे, पोर दर वेळी हात वर करून परवानगी मागत नाही, ती आधीच दिलेली असते. फळ्यावरचं उतरवता येत नसेल तर टिपणांची छापील प्रत. हे असं लिहिलंत की शिक्षकाला सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं ते कळतं.

आणखी एक. वेळ वाढवला तरी अभ्यास तोच राहतो. अभ्यासच कमी केला तर ती वेगळी गोष्ट, तिला ‘अभ्यासक्रमात बदल’ म्हणा. पालक दोन्ही सवलतीत कोंबतात आणि मग वेळ मागितला की शाळा धडे गाळून मोकळी होते.

वाशी सेक्टर सतरा
मास्तरीण बाईंचं पटलं, पण सवलत शब्द अगदी टाकूही नका. दहावीला मंडळाच्या कागदांत हाच शब्द चालतो. शाळेचे लिपिकही ‘सवलतीचा प्रस्ताव’ म्हणूनच ओळखतात. ठाणे, नवी मुंबईच्या शाळांचे प्रस्ताव मुंबई विभागीय मंडळाकडे जातात आणि ते आमच्या वाशीतच आहे. तिथे अकॉमोडेशनला ‘वाजवी समायोजन’ असं लिहून पाठवलंत तर फाइल टेबलाटेबलावर अर्थ विचारत फिरेल. दहावीच्या प्रस्तावात सवलत, आत्ताच्या अर्जात हवं ते. कोणाला वाचायला देतोय ते बघून शब्द निवडायचा.

चेंदणीकर
‘समायोजन’ मलाही कोरडं वाटतं. बायकोला सांगून बघितलं, ती म्हणाली गॅसच्या सबसिडीचं काहीतरी असेल.

कायद्याचं बोला
मी वकील नाही, पालक आहे, मुलगा स्वमग्न. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, लागू झाला एप्रिल २०१७ मध्ये. एकूण २१ प्रकार त्यात आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात स्पष्ट नाव घेऊन आहे. न्यू जर्सीच्या ताई म्हणतात ते ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ या कायद्यातही आहे. गरजेप्रमाणे योग्य ते फेरबदल, फक्त समोरच्यावर अवाजवी बोजा पडू नये इतकंच. मी त्याला ‘वाजवी सोय’ म्हणतो. आणि मुख्य मुद्दा हा, की ही सोय नाकारणं कायद्याच्या व्याख्येत भेदभावात मोडतं. सवलत नाकारणारा फार तर कंजूष ठरतो. म्हणून माझ्या अर्जात सवलत नसते.

वाढीव वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट ही तिन्ही उदाहरणं कलम १७ मध्ये आहेत. शाळांचं कर्तव्य कलम १६ मध्ये, अनुदानित आणि नुसत्या मान्यताप्राप्त दोन्ही. मात्र त्या कलमाची सुरुवात सरकार आणि महापालिका ‘प्रयत्न करतील’ अशी आहे, हेही वाचून ठेवा. समोरचा हुशार असेल तर तेच बोट दाखवतो.

ऐरोलीकर
मग ‘हक्क’ लिहू का सरळ?

मास्तरीण
पहिल्याच अर्जात नको. हक्क शब्द वाचला की मुख्याध्यापिका संस्थेच्या सचिवांना फोन लावतात आणि वर्गशिक्षिका तुमच्याशी बोलायची बंद होते. पोरीला रोज त्याच बाईंच्या हाताखाली बसायचंय. अधिनियमाचं नाव एका ओळीत घाला, आवाज न चढवता. ज्याला कळायचं त्याला कळतं.

कायद्याचं बोला
इथे मतभेद. मी गोड लिहून एक अख्खं वर्ष घालवलंय.

घणसोली
शब्दांचाच विषय आहे म्हणून सांगते. आम्ही पालक म्हणतो ‘पाठपुरावा केला’. शाळा म्हणते ‘पिच्छा पुरवला’. पाठ काय नि पिच्छा काय, पुरवणं तेच! पोराची बाजू मांडायला आई गेली तर ‘भांडायला आली’ आणि बाबा गेले तर ‘चर्चेला आले’, हेही नोंदवा. ‘कैवार’ मात्र कुणी वापरू नका, कैवार घेतला म्हणजे पोराचं चुकलं तरी पाठीशी घातलं असा वास येतो.

वाशी सेक्टर सतरा
‘शॅडो’ला काय म्हणता? आमच्याकडे मुलासोबत वर्गात बसणाऱ्या ताईंना सगळे शॅडो टीचर म्हणतात.

घणसोली
शॅडोच. आजीसमोर एकदा ‘सावली शिक्षिका’ म्हटलं, तर तिनं पोराची दृष्ट काढली. अर्जात मी ‘वर्गातील मदतनीस’ लिहिते.

ऐरोलीकर
सगळ्यांचे आभार. असा केलाय:

‘विषय: कु. —, इयत्ता सहावी, हिच्यासाठी वर्गात व परीक्षेत करावयाच्या सोयींबाबत.

महोदया, माझ्या मुलीस विशिष्ट अध्ययन अक्षमता असल्याचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार तिच्यासाठी पुढील सोयी कराव्यात: लेखी परीक्षेत वाढीव वेळ; फळ्यावरील मजकुराची छापील प्रत; वाचून दाखवण्याची सक्ती नसावी; शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत. तिच्या अभ्यासक्रमात कोणताही बदल नको आहे. वर्गशिक्षिका व विशेष शिक्षिका यांच्यासह एकत्र बसून वैयक्तिक शैक्षणिक आराखडा ठरवण्यासाठी कृपया दिवस व वेळ कळवावी.’

चेंदणीकर
छान. ‘नसावी’ आणि ‘नयेत’ आलेत तिथे वाक्याची घडी मोडते. ‘सोयी कराव्यात’नंतर यादी नामांचीच हवी: ‘मोठ्याने वाचनातून सूट, शुद्धलेखनाच्या गुणकपातीतून सूट.’

मास्तरीण
‘अभ्यासक्रमात बदल नको’ हे वाक्य फार मोलाचं. आराखड्याचं मात्र जपून. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून तो बंधनकारक आहे, आपल्या कायद्यात आयईपी हे या आराखड्याचं इंग्रजी नाव नाही, गरजेप्रमाणे वैयक्तिक आधार द्यावा असं आहे. तेव्हा कागद नाकारला तर भांडू नका, बैठक मात्र सोडू नका.

कायद्याचं बोला
दोन प्रती काढा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, तारीख, सही. हिला ‘पोच’ म्हणतात. लिपिक म्हणेल, ‘ठेवून जा, बाईंना देतो.’ ठेवून जाऊ नका.