म्हणे भाडेकायद्यानेच मुंबई बुडाली!

परळकर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "भाडेनियंत्रण म्हणजे भाडेकरूचाच घात, स्टॅनफर्डने सिद्ध केलंय, चाळवाल्यांचे लाड बंद करा." लाड? आधी स्टॅनफर्डवाल्यांचा तो संशोधन-पेपर पूर्ण वाचा. डायमंड, मॅक्क्वेड आणि चियान, 2019. सॅन फ्रान्सिस्कोत 1994 ला 1980 पूर्वीच्या छोट्या इमारतींनाही नियंत्रण लागलं. मालकांनी घरं विकली, पाडून नवी बांधली. त्या इमारतींतली भाड्याची घरं 15 टक्क्यांनी घटली, शहरभर भाडी 5.1 टक्क्यांनी चढली. मान्य. पण ज्यांना संरक्षण मिळालं ते त्याच पत्त्यावर टिकून राहिले, हेही त्याच पेपरात आहे. ते सोयीस्कर गाळलंत. शिवाय तिथे जुना भाडेकरू गेला की नव्याला बाजारभाव लावता येतो. आपल्याकडे कायदाच सप्टेंबर 1940 चं भाडं धरून बसला. आंबे आणि फणस एकाच काट्यावर का तोलताय?

मालक_तिसरी_पिढी: वा! गोठवलेल्या भाड्याचा फायदा घेणारेच आता ते गोठवलं म्हणून रडतायत. 1997 ला सुप्रीम कोर्टानेही हे गोठवणं अवाजवी ठरवलं. मग 1999 चा कायदा आला, वर्षाला 4 टक्के वाढ. कशाच्या 4 टक्के? साठ रुपयांच्या! जिन्यातल्या दिव्याचं बिल त्याहून जास्त येतं. गच्ची गळली की नोटीस मात्र माझ्या नावाने.

परळकर: आणि पागडी, घर देताना घेतलेली ती एकरकमी रक्कम? ती घेताना तुमच्या आजोबांचा हात थरथरला नव्हता.

कांजूर_ते_कुर्ला: तुमची पागडी तुम्हाला लखलाभ. आम्हा लीव्ह-लायसन्सवाल्यांना कसलं नियंत्रण? अकरा महिन्यांचा करार, वर एक महिन्याची दलाली, आणि नूतनीकरण झालं की पुन्हा दलाली. का? दलालाने फोन केला म्हणून! घर सोडताना मालकीणबाई स्टुलावर चढून खिळ्यांची भोकं मोजत होत्या. भोकामागे दोनशे, वर रंगाचे वेगळे. ती भोकं माझ्या आधीच्या भाडेकरूची, हे सांगून घसा बसला.

ठाण्याची_मावशी: तुमच्यासारख्यांमुळेच माझा फ्लॅट कुलूपबंद आहे. निवृत्तीच्या पैशांतून घेतला. पोरांनी ओट्याचा ग्रॅनाइट फोडला, गीझर काढून नेला, वर शेवटचे दोन महिने भाडं नाही. डिपॉझिट कमी पडलं हो!

कांजूर_ते_कुर्ला: मावशी, गीझर मी नेला का? सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. आणि 1999 च्या कायद्यात कलम 24 आहे की, मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं.

ठाण्याची_मावशी: कलम कागदावर. तारखांना कोण जाणार, तू?

परळकर: धागा भाडेनियंत्रणाचा होता, गीझरचा नव्हे.

कांजूर_ते_कुर्ला: तुम्ही नाही मिटवलं ऐंशी वर्षांत, आम्ही गीझरवर तरी बोलू.

आकडेमोड: मावशींचं कुलूप हाच मुद्दा आहे. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1 कोटी 10 लाखांवर घरं रिकामी होती. गांधी, ग्रीन आणि पत्रनबीस यांच्या पेपरात तेच आहे: जिथे कायदा भाडेकरूकडे झुकलेला, तिथे रिकामी घरं जास्त; जिथे न्यायाधीश जास्त, तिथे कमी. म्हणजे नुसता कायदा सैल करून भागत नाही, निकालही वेळेत लागायला हवा.

मालक_तिसरी_पिढी: हेच तर बोंबलतोय!

परळकर: अर्धंच बोंबलताय. न्यायाधीशांचं वाक्य तुम्ही गाळलंत. पण ठीक, साठ रुपयांत गच्ची होत नाही, एवढं देतो. वाढवा भाडं. मात्र आधी पावती द्या, आमच्या मालकाने ती तीन वर्षं दिलेली नाही.

ठाण्याची_मावशी: पोलीस व्हेरिफिकेशन करून देणारा भाडेकरू कुणाकडे असेल तर कळवा. बॅचलर चालेल. भिंतीला हात न लावणारा हवा.

कांजूर_ते_कुर्ला: डिपॉझिट किती?