खंडणी आणि हप्ता: फरक काय?

प्रश्न
पेपरात 'बिल्डरकडे खंडणी मागितली' असं येतं. आमच्या नाक्यावरचा भाजीवाला मात्र 'हप्ता द्यावा लागतो' म्हणतो. धाकाने उकळलेले पैसे दोन्हीकडे तेच, मग शब्द दोन का? आणि मराठेशाहीतली खंडणी ती हीच का?

उत्तर
हफ्ता म्हणजे फारसीत आठवडा. हप्त्याची रक्कम ठरलेली, दिवस ठरलेला, देणाराही ती धंद्याच्या खर्चात धरून चालतो. खंडणी मोठी, बहुधा एकरकमी, जिवाची भीती घालून मागितलेली. गंमत म्हणजे २०२४ पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या मराठी अनुवादात या गुन्ह्याला दोन्हींपैकी एकही नाव नव्हतं, तिथे 'बलाद्ग्रहण' होतं! पोलिसांनी 'खंडणीविरोधी पथक' म्हटलं, सुटलो.

उत्तर
वर सांगितलेला फरक बरोबर आहे, पण तो पडला कसा हे मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास पाहिल्यावर कळतं. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर हातभट्ट्या फोफावल्या. वरदराजन मुदलियारचं बस्तान त्यांच्यावरच बसलं. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका आला. हे धंदेच बेकायदा, त्यामुळे भट्टीवाला तक्रार नेणार कुठे? चौकीला हप्ता, दादालाही हप्ता. हाजी मस्तानच्या काळातला मोठा पैसा तर सोन्याच्या तस्करीतून, म्हणजे समुद्रावरून यायचा. पांढरपेशा माणसाला त्याची थेट झळ फारशी नव्हती.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातली बेकार पोरं टोळ्यांच्या हाती लागली. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. इकडे १९९० मध्ये सोने नियंत्रण कायदा रद्द झाला, मग आयातही खुली झाली आणि तस्करीतली मलई आटली. टोळ्यांची नजर सरळ धंदा करणाऱ्यांकडे वळली: बिल्डर, हॉटेलवाले, सिनेनिर्माते. एका व्यवहारात कोटी कमावणाऱ्याकडून आठवड्याला किती घेणार? माझ्या मते 'खंडणी' हा शब्द तिथे चपखल बसला. १९९९ मध्ये मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, आला तोवर तो रोजच्या बातमीतला झाला होता.

उत्तर
मराठेशाहीबद्दल: 'खंड' म्हणजे ठरवून घेतलेला मोबदला. जमीन खंडाने देतात, साखर कारखान्यांच्या जमिनींवरून गाजलेले खंडकरी शेतकरी आठवा. जुन्या कागदांतली खंडणी वाटाघाटीने ठरायची आणि पुष्कळदा सालोसाल वसूल व्हायची. म्हणजे तिचा स्वभाव आजच्या हप्त्याच्या जवळचा!

प्रश्नकर्ता
आणि सुरत?

उत्तर
सुरतेत १६६४ साली एकरकमीच मागणी होती, खरं आहे. पण ती एका राजाने शत्रूच्या शहराकडे केलेली. तिला टोळीच्या फोनच्या रांगेत बसवू नका.

उत्तर
अवांतर: याच बोलीत पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. २०२२ मध्ये खोके विधानभवनाच्या पायऱ्यांवरच्या घोषणांत पोचले, तेव्हा अर्थ कुणालाच विचारावा लागला नाही.

प्रश्नकर्ता
आभार. शेवटचं एक, हप्ता लिहायचं की हफ्ता?

उत्तर
प्रमाण लेखनात हप्ता. बोलण्यात मात्र बऱ्याच जणांच्या तोंडी कर्जाचा तो हप्ता आणि वसुलीचा तो हफ्ता. संवाद लिहीत असाल तर हा भेद राहू द्या.