शेजाऱ्याची पेटी आणि आपली वर्गणी

वर कुणीतरी लिहिलंय की न्यूझीलंडचे मधपाळ फाउलब्रूडसाठी (मधमाश्यांच्या अळ्या कुजवणारा जिवाणूंचा रोग) उगाच पट्टी, म्हणजे सक्तीची वर्गणी, भरतात, ज्याची पेटी त्याने सांभाळावी. इथेच तर गोम आहे! अमेरिकन फाउलब्रूडचे बीजाणू जुन्या लाकडी चौकटीत पस्तीस-चाळीस वर्षं टिकतात. शेजाऱ्याची रोगट वसाहत कमजोर झाली की आपल्याच धडधाकट माशा तिथला मध लुटायला जातात आणि रोग घरी घेऊन येतात. कुंपण घालणार कुठे?

ओळखायची खूण घरगुतीच. पोळ्यातली अळ्यांची झाकलेली घरं खोलगट, काळपट दिसली की आत काडेपेटीची काडी घालून हळू ओढायची. कॉफीच्या रंगाचा चिकट तार निघाला, की समजायचं. न्यूझीलंडमध्ये प्रतिजैविकं देऊन रोग दाबायला परवानगी नाही. माशा मारून, खड्डा खणून, पोळ्यांसकट सगळं जाळायचं, तेही सात दिवसांत. भरपाई शून्य. १९९८ पासून हे असंच चालतं. पट्टीचा पैसा जातो तपासनीस, नोंदणी आणि मधपाळांच्या शिक्षणावर.

भरपाई नसल्याने काहीजण रोग लपवत असतील, हा आक्षेप मला पटतो. पण म्हणूनच तपासनीस हवेत, आणि ते फुकट कसे येतील?

आपल्या सातेरी मधमाशीला छळणारा थाई सॅकब्रूड हा रोग निराळा, तो विषाणूचा. त्याला न्यूझीलंडचं जाळपोळीचं गणित जसंच्या तसं लावू नका.