उभं राहून डीटीपी: माउस स्थिर का राहत नाही?

प्रश्न: मी पुण्यात डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं काम करते. बसून बसून कंबर धरते, म्हणून उंची बदलणारं टेबल घेतलं. उभ्यानं इनस्क्रिप्टमध्ये (मराठी कीबोर्डची एक मांडणी) टायपिंग झकास होतं, पण अक्षरांमधली जागा माउसनं जुळवताना हात हलतो. असं का?

उत्तर १: ताई, टेबल कोपराच्या उंचीला आहे का? खाली असेल तर वाकावं लागतं, वर असेल तर खांदे उचलले जातात.

प्रश्नकर्ती: हो, कोपराइतकंच आहे.

उत्तर २: मग हाताला टेकू नाही. बसल्यावर कोपर खुर्चीच्या हातावर विसावतं. उभ्यानं भार खांद्यावर येतो. बारीक काम बसूनच करा. प्रूफ वाचणं, फोन, टायपिंग उभ्यानं. आणि दिवसभर उभ्या राहू नका हो! माझ्या आईनं दुकानात आयुष्यभर उभं राहून काम केलं, तिचे पाय संध्याकाळी सुजतात.

प्रश्नकर्ती: पटलं. जुळवणी बसून करते.