ड्रिलच्या १८ व्होल्ट बॅटरीवर एलईडी पट्टी चालेल का?

प्रश्न: कॉर्डलेस ड्रिलची १८ व्होल्ट, ४ अँपिअर-तासांची बॅटरी आहे. तिच्यावर १२ व्होल्टची २४ वॅट पट्टी लावायची आहे. बॅटरीवर सरकवून बसणारा प्लॅस्टिकचा तयार अ‍ॅडॉप्टर घेऊन सरळ वायर जोडू का?

उत्तर १: सरळ नको, पट्टी जळेल. आत पाच लिथियम सेल सिरीजमध्ये असतात. फुल चार्जला प्रत्येकी ४.२, म्हणजे २१ व्होल्ट. मध्ये ३ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं छोटं मॉड्यूल) घाला. पट्टी न जोडता मल्टिमीटर लावून आउटपुट १२ वर आणा. त्यावरचा प्रीसेटचा, म्हणजे व्होल्टेज ठरवणारा, स्क्रू बऱ्याच फेऱ्या फिरवावा लागतो, सुरुवातीला आकडा हलला नाही तरी जोर लावू नका.

उत्तर २: आणि फ्यूज! ५ अँपिअरचा, पॉझिटिव्ह वायरवर, अ‍ॅडॉप्टरला अगदी खेटून. कन्व्हर्टरच्या पुढे, पट्टीकडे लावलात तर मागची, बॅटरीकडची वायर शॉर्ट झाल्यावर तो काहीच वाचवत नाही.

उत्तर ३: खरा घात पुढे आहे. बऱ्याच बॅटऱ्यांत लो-व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज फार उतरलं की वीज तोडणारं सर्किट) नसतो, तो ड्रिलमध्ये असतो. पट्टी सेल पार पिळून काढते, २.५ व्होल्टच्या खाली गेलेला सेल बिघडतो, मग चार्जरही बॅटरी घेत नाही. १५ व्होल्टला तोडणारं कटऑफ मॉड्यूल बॅटरी आणि कन्व्हर्टरच्या मध्ये बसवा. पुन्हा चालू होण्याची मर्यादा १९ ठेवा, नाहीतर लोड, म्हणजे पट्टी, सुटताच बॅटरीचं व्होल्टेज चढतं आणि पट्टी लुकलुकत राहते.

उत्तर १: हे बसवाच. ७२ वॅट-तासांत (१८ × ४) पट्टी अडीच तास आरामात चालेल.