एसईओ आणि वेबमधले बदल: एकट्या माणसाने किती मागे धावायचं?

कोकणी_कोडर

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीजवळ राहतो, एकटाच वेबसाइटची कामं करतो. ११ क्लायंट आहेत, त्यात चार होमस्टे, दोन आंबावाले, एक डेंटिस्ट, बाकी किरकोळ. साइट बनवून देणं जमतं हो, पण हे एसईओचं, म्हणजे गूगलच्या निकालांत साइट वर आणण्याचं, जे रोज काहीतरी बदलत असतं त्याने अगदी मेटाकुटीला आलोय. सकाळी चहा घेताना मोबाइल उघडावा तर कुणीतरी व्हिडिओ टाकलेलाच असतो, हे केलं नाहीत तर साइट संपली म्हणून समजा. मग सगळं सोडून ते करत बसा.

उदाहरण सांगतो, हसू नका. गेल्या पावसाळ्यात कामं कमी होती म्हणून एक व्हिडिओ बघून सगळ्या साइटवर एफएक्यू स्कीमा टाकला, म्हणजे पानावरची प्रश्न-उत्तरं गूगलला कळावीत म्हणून लावायचा कोड. अकराच्या अकरा. प्रश्न-उत्तरं पण मीच लिहिली, मासे मिळतात का, समुद्र किती लांब, गाडी दारापर्यंत येते का वगैरे. तीन शनिवार-रविवार गेले, बायको वेगळी चिडली. आणि गूगलवर काहीच दिसेना. मग कळलं की ते प्रकरण गूगलने ऑगस्ट २०२३ मध्येच आवरतं घेतलंय, तेव्हापासून फक्त सरकारी आणि आरोग्यातल्या नावाजलेल्या साइटपुरतं ठेवलं होतं. व्हिडिओ जुना होता आणि मी तारीखच बघितली नव्हती.

दुसरं म्हणजे एका होमस्टेवाल्या काकांची साइट गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधूनच फुकट बनवलेली होती, माझ्याकडे येण्याआधीची, ती गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली. जूनपर्यंत ती लिंक निदान प्रोफाइलवर तरी जात होती, नंतर तेही बंद. मला पत्ताच नाही. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने काकांना फोन करून सांगितलं की तुमची साइट उघडत नाहीये. काकांनी मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

आणि आता हे. सप्टेंबर २०२५ मध्ये एका आंबावाल्याचा सर्च कन्सोलमधला (गूगलचं साइटवाल्यांसाठीचं फुकट टूल) इम्प्रेशनचा, म्हणजे निकालांत साइट किती वेळा आली त्याचा, ग्राफ एकदम कोसळलाय, ९०० च्या आसपास असायचे ते ४०० वर. तो रोज स्क्रीनशॉट पाठवतोय. मी त्याला सीझन नाही म्हणून असेल असं सांगितलंय पण मलाच पटत नाही, सीझन काय एका दिवसात संपतो का.

तर तुम्ही लोक हे सगळं फॉलो कसं करता? रोज किती वेळ देता, कुठे वाचता? का सोडूनच देता?

जुना_नोटपॅड

आधी तुमचा आंबावाला. त्याला म्हणावं इम्प्रेशन झाक आणि क्लिक बघ. क्लिक जवळपास तेवढेच असतील आणि सरासरी पोझिशन उलट सुधारलेली दिसेल, नसेल तर परत येऊन मला शिव्या घाला. झालंय असं की गूगलच्या सर्चच्या पत्त्यात एक शेपूट लावलं की एका पानावर १०० निकाल यायचे, आणि रँक तपासणारी टूलं त्याच्यावर चालायची. तुमची साइट ८७ नंबरवर असली तरी टूलने ते पान उघडलं की झालं तुमच्या नावावर एक इम्प्रेशन. माणूस कुठला जातोय तिथपर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये गूगलने ते शेपूट कापलं, टूलं आंधळी झाली आणि जगभरातल्या लोकांचे ग्राफ एकदम पडले. म्हणजे आधीचे ९०० च फुगीर होते, आत्ताचे ४०० खरे असं धरून चाला.

आता मूळ प्रश्न. मी नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिहायचो तेव्हापासून हे बघतोय. पानाच्या कोडमध्ये शोधशब्द लिहून ठेवायचा तो मेटा कीवर्डचा टॅग रँकिंगसाठी आम्ही बघत नाही असं गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये उघड सांगितलं होतं. मागच्या महिन्यात एका एजन्सीच्या कोटेशनमध्ये त्याचे पैसे लावलेले बघितले. २००९ साली सांगितलेलं हो! एएमपीचं, म्हणजे मोबाइलवर झटकन उघडणाऱ्या पानांच्या त्या वेगळ्या प्रकाराचं, तर विचारूच नका. २०१६ मध्ये ते सर्चमध्ये आलं, आम्ही एका बातम्यांच्या साइटच्या प्रत्येक पानाच्या दोन-दोन आवृत्त्या केल्या, सांभाळल्या, रात्री जागून त्यातल्या एरर काढल्या, आणि २०२१ मध्ये गूगल म्हणतं टॉप स्टोरीजसाठी, म्हणजे सर्चमधल्या बातम्यांच्या पट्टीसाठी, आता एएमपीची गरज नाही. ते सगळं उपसून काढायला लावण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

तेव्हापासून माझा नियम, नवीन काही आलं की लोणच्यासारखं मुरू द्यायचं. तीन महिने हात लावायचा नाही. तीन महिन्यांनीही लोक त्याबद्दल बोलत असतील तर बघायचं. वाचतो फक्त गूगलचा सर्च सेंट्रल ब्लॉग, आणि ट्रॅफिक हललं तर त्यांचा सर्च स्टेटस डॅशबोर्ड, कुठला अपडेट कधी सुरू झाला कधी संपला सगळं तारखेसकट असतं तिथे. मार्च २०२४ चा कोर अपडेट, म्हणजे रँकिंगच्या पद्धतीतला मोठा बदल, ४५ दिवस चालला होता, तेवढ्या दिवसांत जे लोक रोज काहीतरी बदलत बसले त्यांना शेवटी कळेना की कशामुळे काय झालं. ब्राउझरच्या गोष्टींसाठी बेसलाइन बघतो, कुठली सोय कुठल्या ब्राउझरांत चालते त्याची यादी ती, नवं सीएसएस (पानाची सजावट ठरवणारा कोड) वगैरे सगळ्या मोठ्या ब्राउझरांत येऊन ३० महिने झाले की त्याला ते वाइडली अव्हेलेबल म्हणतात, मग वापरतो. आठवड्याला अर्धा तास, बस.

नागपुरी_संत्रं

नोटपॅड भाऊ, बाकी सगळं मान्य पण तीन महिने मुरू द्या हे सगळ्याच गोष्टींना नका लावू. लोकं खड्ड्यात जातात अशाने.

माझा अनुभव सांगते. साइटवर किती लोक आले, कुठून आले हे मोजणारं गूगलचं जुनं यूनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ ला बंद होणार हे गूगलने वर्षभर आधी सांगितलं होतं. एका क्लायंटकडचा आधीचा डेव्हलपर असाच निवांत, बघू म्हणे. नवीन तर लावलंच नाही, पण जुना डेटा पण उतरवून नाही ठेवला. १ जुलै २०२४ नंतर जुन्यात जायचा रस्ताच बंद झाला. मी काम घेतलं तेव्हा सात वर्षांच्या दिवाळीच्या विक्रीचे आकडे गेलेले, काहूनच विचारू नका. दुकानदार विचारते, ताई मागच्या दिवाळीत लोक कुठून आले होते? काय सांगू त्याला.

म्हणून मी बातम्या दोनच ढिगात टाकते. एक, अमुक बंद होणार, अमुक तारखेपासून चालणार नाही. हे त्याच दिवशी कॅलेंडरमध्ये टाकायचं, क्लायंटला लेखी कळवायचं आणि महिनाभर आधी परत आठवण. कोडरभाऊ, तुमच्या काकांची साइट ह्याच ढिगातली होती. दुसरा ढीग, अमुक केलं की रँक वाढतं. त्याला भाऊंचं लोणचं चालते. एफएक्यू ह्यातलं.

रँकिंगच्या बातम्यांत पण जे मोजता येते ते बघावं. आयएनपीचंच घ्या ना, पान किती चटकन प्रतिसाद देते त्याचं माप ते, १२ मार्च २०२४ पासून ते एफआयडी ह्या जुन्या मापाच्या जागी आलं, पण येणार हे दहा महिने आधी सांगितलं होतं. बटण दाबल्यावर पान २०० मिलिसेकंदांच्या आत हललं पाहिजे, एवढंच आहे ते. क्लायंटच्या स्वस्तातल्या मोबाइलवर साइट उघडून बघा, तुमच्या लॅपटॉपवर नाही. आणि एक तपासाच, वरचा मोठा फोटो लेझी लोडवर, म्हणजे उशिरा मागवायच्या सेटिंगवर, तर नाही ना? खालचे फोटो लेझी ठीक, पण जो पहिल्यांदा दिसते तोच उशिरा मागवला तर एलसीपी (पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) अडीच सेकंदांत कसं येणार. दहातल्या सहा साइटवर मला हेच सापडते, आणि लोकं प्लगइन विकत घेत फिरतात.

सांगलीची_सुगरण

मी डेव्हलपर नाही, मराठीत रेसिपीचा ब्लॉग चालवते, पण एक सांगू का, तुम्ही जे वाचता ते सगळं इंग्रजी साइटवाल्यांनी इंग्रजी साइटसाठी लिहिलेलं असतं. आपलं दुखणं त्यात नसतंच.

मला दोन वर्षं कळत नव्हतं की माझ्या पोस्टच्या लिंक तुटक का दिसतात. शीर्षक होतं कोथिंबीर वडी खुसखुशीत होण्यासाठी काय करावं, आणि लिंक काय तर कोथिंबीर-वडी-खुसखुशीत-हो. हो! मैत्रीण म्हणाली, अगं तू लोकांना होकार का देतेस. शेवटी भाच्याने बसून शोधलं. माझा ब्लॉग ज्यावर चालतो ते वर्डप्रेस लिंकमधल्या नावाला २०० अक्षरांची जागा देतं, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह तिथे टक्क्याच्या खुणा आणि आकडे होऊन नऊ जागा खातं. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं झाली की कात्री. भाच्याने कागदावर मोजून दाखवलं, कोथिंबीरमध्येच ७२ गेले. आणि दोन रेसिपींची सुरुवात सारखी असली की दुसरीला शेवटी -2 चिकटतं ते वेगळंच. व्हॉट्सअ‍ॅपवर ती लिंक पाठवली की अर्धा स्क्रीन टक्केच टक्के, लोकांना वाटतं व्हायरस आहे.

आता मी नवीन पोस्टची लिंक रोमन अक्षरांत छोटी देते, शीर्षक मराठीच. जुन्या बदलल्या नाहीत, चालू आहे त्याला हात लावू नको म्हणाला भाचा.

फॉन्टचं पण तेच. हौसेने देवनागरी फॉन्टची पाच वजनं टाकली होती, बारीक, मध्यम, जाड, अजून जाड. आपल्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं असतात त्यामुळे फाइली इंग्रजीपेक्षा जड. दोनच ठेवली, साधं आणि ठळक, तर पान मोबाइलवर लगेच उघडायला लागलं. कुणाला काही फरक दिसला नाही, मलापण नाही.

फुकट_सल्ला

गूगलमधून बोलतोय, तुमची साइट पहिल्या नंबरवर आणून देतो, १२ हजार, आजच भरले तर ८. असे फोन येतात का तुमच्या क्लायंटना? माझ्या भावाने भरले. गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, ते पान छापून मी भावाच्या गल्ल्यावर चिकटवलंय.

कोकणी_कोडर

मंडळी, खूप आभार. दोन दिवस बसलो होतो, जे दिसलं ते सांगतो.

नोटपॅड सर, तुमचं बरोबर निघालं. आंबावाल्याचे क्लिक आधीच्या आठवड्यात ३१ होते, नंतरच्यात २९. सरासरी पोझिशन ३८ वरून १४. त्याला सांगितलं, तर म्हणतो म्हणजे आपण वर गेलो? मी म्हटलं नाही हो, आहोत तिथेच आहोत. हे समजवायला पाऊण तास गेला.

संत्रंताई, लेझीचं पण खरं. ११ पैकी सात साइटवर वरचा फोटो लेझी, आणि एका होमस्टेचा तर चार एमबीचा, ड्रोनने काढलेला, जसाच्या तसा चढवलेला. तो वेबपी ह्या हलक्या फॉरमॅटमध्ये करून २०० केबीच्या आत आणला. कॅलेंडर पण केलंय, त्यात सध्या डोमेन आणि होस्टिंग संपायच्या तारखाच जास्त आहेत, दोन तर ह्याच महिन्यातल्या निघाल्या.

सुगरणताई, डेंटिस्टच्या साइटवर दाताच्या मुळावरचे उपचार म्हणून एक पान आहे, त्याची लिंक बघितली. जेमतेम बसलीय, अजून एक शब्द असता तर कात्रीच.

एक विचारायचं राहिलं. ती एफएक्यूची प्रश्न-उत्तरं आता काढून टाकू का? गूगल तर दाखवत नाही. काकांना विचारलं तर ते म्हणाले काढायची नाहीत, उलट मासे मिळतात का च्या खाली कुठले मिळतात ते पण लिही, लोक फोनवर पहिलं तेच विचारतात.

नागपुरी_संत्रं

प्रश्न-उत्तरं ठेवा, वाचणारी माणसंच आहेत ना. स्कीमाचा कोड असला काय नसला काय, त्याने नुकसान नाही, काढण्यात अजून एक रविवार घालवू नका.

सांगलीची_सुगरण

काकांचं ऐका. आणि नुसतं मासे मिळतील असं नको, कुठल्या महिन्यात काय ते लिहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते ते तर ठळक लिहा, नाहीतर पावसाळ्यात आलेली माणसं ताज्या सुरमईसाठी काकांशी भांडतील आणि काका परत तुम्हाला फोन करतील.